रानाची कड आणि घरचा गोठा

गेल्या फाल्गुनांत बऱ्याच वर्षांनीं आमचें आजोळीं जाणें झालें. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोंकास, जेथें महाराष्ट्र, गोवा व कर्नाटक ह्या तिन्ही राज्यांच्या सीमा जवळजवळ येतात, त्या दोडामार्ग तालुक्यांत हें घर आहे. पुढें पोफळीचें कुळागर, मागें डोंगर, आणि घर व डोंगर यांच्यामध्यें गुरांचा गोठा. फाल्गुन म्हणजे तिकडे काजूचा हंगाम. आमच्या लहानपणीं ह्या दिवसांत परसदारीं पातेऱ्याचा पुरुषभर उंचीचा ढीग असे. रानांतून वाळलेला पाला झाडून आणावयाचा, त्यांतील थोडा गुरांच्या पायांखालीं पसरावयाचा व उरलेला तरव्याच्या भाजावळीकरितां राखावयाचा, हा तेथला पिढीजात परिपाठ. त्या ढिगावर ओटीवरून उड्या घेणें हा आम्हां मुलांचा आवडता खेळ. आणि त्याबद्दल मार खाणें हाही त्या खेळाचाच एक भाग असे.

या खेपेस परसांत ढीग दिसला नाहीं. चौकशी करतां मामींनीं सांगितलें कीं, माकडतापाची सांथ आल्यापासून त्यांनीं पातेरा घराजवळ आणूं देणें बंद केलें आहे. गुरेंही आतां रानांत सोडीत नाहींत. दावणीसच वैरण घालतात. इ. स. २०१६ सालीं त्या भागांत हा ताप प्रथम आला, तेव्हां वाडीवरील दोन घरचीं कर्तीं माणसें महिनाभर अंथरुणास खिळलीं होतीं. मामींचें वय आतां ऐंशीच्या पुढें आहे. त्यांनीं आम्हांस विचारलें, "काय रे, रान तेंच, गुरं तींच, वानर तेच. माझ्या सासूबाईंच्या वेळीं कुणाला असला ताप आल्याचं ऐकलं नाहीं. मग आतांच हा आमच्या पांचवीला कां पुजला?"

त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. घरीं परतल्यावर मात्र तो प्रश्न मनांतून जाईना. जें वाचावयास मिळालें व जाणत्या डॉक्टरांकडून जें समजून घेतां आलें, तें येथें मांडतों. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचें बिऱ्हाड मुंबईस किंवा पुण्यास असलें, तरी मूळ घर, देव आणि आंब्याकाजूचा वांटा कोंकणांत, गोव्यांत किंवा सिद्दापूर-होन्नावरकडे असतो. मुलेंबाळें सुटींत तेथें जातात. म्हणून हा विषय त्यांना परका वाटूं नये.

मामींच्या प्रश्नाचें मूळ शिमोगा जिल्ह्यांत आहे. तेथील सोरब तालुक्यांत क्यासनूर नांवाचें एक राखीव रान आहे. इ. स. १९५७ च्या प्रारंभीं ह्या रानांत माकडें पटापट मरूं लागलीं आणि मागोमाग भोंवतालच्या खेड्यांतील माणसें तापानें फणफणलीं. त्या एका वर्षांत ४६६ रोग्यांची नोंद झाली. आपल्या पुण्यास त्यापूर्वीं पांचच वर्षें, म्हणजे १९५२ सालीं, विषाणूंच्या संशोधनाचें एक केंद्र निघालें होतें. आज तें राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. तेथील संशोधक धांवत गेले. त्यांच्या मनांत पहिली धास्ती होती ती पीतज्वराची. आफ्रिका व दक्षिण अमेरिका यांत थैमान घालणारा हा रोग हिंदुस्थानांत कधींच नव्हता. पण माकडें व माणसें एकाच वेळीं मरतात हें त्याचेंच लक्षण. सुदैवानें ती धास्ती खोटी ठरली. मृत माकडांतून व आजारी माणसांतून जो विषाणु हातीं लागला, तो पीतज्वराचा नव्हता. सैबेरियाच्या अरण्यांत वसंत व ग्रीष्म ऋतूंत एक मेंदूज्वर होतो, त्याच्या कुळांतला तो निघाला. जगाला तोंवर अज्ञात असलेल्या ह्या रोगास त्या रानाचेंच नांव मिळालें. कानडी लोक त्यास 'मंगन कायिले' म्हणतात. आपल्याकडे तो माकडताप झाला.

सैबेरियाचा विषाणु मलनाडांत आला कसा? हिंवाळ्यांत उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावर बसून आला असावा, अशी शंका निघाली. डॉ. सालीम अली यांच्या देखरेखीखालीं मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेनें पक्ष्यांच्या पायांत वाळीं घालून त्यांच्या प्रवासाचा माग काढण्याचें जें प्रचंड काम केलें, त्यास जागतिक आरोग्य संघटनेचें साहाय्य मिळालें तें असल्याच शंकांच्या निमित्तानें. पांखरांवरील आरोप कांहीं शाबीत झाला नाहीं. पण त्या आरोपापायीं आपल्या देशास पक्ष्यांविषयींच्या ज्ञानाचा एक ठेवा लाभला. असो.

खरा वाहक सांपडला तो गोचीड. गोठ्यांत जन्म गेलेल्या माणसास गोचिडाचें काय कौतुक? पण हा रानांतला गोचीड निराळ्या जातीचा. शास्त्रज्ञ त्यास हीमाफिसालिस स्पिनिजेरा असें जड नांव देतात. त्याची जीवनयात्रा मोठी चमत्कारिक आहे. पाऊस सरला कीं अंड्यांतून अळ्या निघतात आणि उंदीर, चिचुंद्री असल्या लहानसहान प्राण्यांच्या रक्तावर वाढतात. मार्गशीर्षाच्या सुमारास त्यांचे पिल्लू-गोचीड होतात. तिळाएवढे हे पिल्लू-गोचीड झुडपांच्या पानांवर व वाळक्या पाचोळ्यांत दबा धरून बसतात आणि वैशाखापर्यंत जो कोणी जवळून जाईल त्यास चिकटतात. माकड काय, माणूस काय, त्यांना सारखेंच. पहिला पाऊस पडला कीं त्यांना प्रौढपण येतें. ह्या प्रौढ मादीस अंडीं घालण्यापूर्वीं पोटभर रक्त लागतें, आणि तें मोठ्या जनावराचें लागतें. पूर्वीं तिला गवा किंवा सांबर शोधावें लागे. आतां तिच्या दाराशीं गाय चालून येते.

येथें आम्ही वाचकांस थोडें थांबण्याची विनंति करतों, कारण मामींच्या प्रश्नाची किल्ली येथेंच आहे. गाईस हा ताप येत नाहीं. तिच्या रक्तांत हा विषाणु फारसा वाढत नाहीं. म्हणजे माणसास रोग देण्याचें पाप तिच्या माथीं येत नाहीं. पण रानांत चरावयास गेलेल्या गाईच्या अंगावर पोसलेली एकेक गोचिडीण जमिनीवर गळून पडते आणि हजारों अंडीं घालते. ती निरपराध गाय विषाणूची नव्हे, तर त्याच्या वाहनाची दाई होते. गाईंची संख्या वाढली आणि चरण्यास कुरणें उरलीं नाहींत म्हणजे त्या रानांत घुसतात. मग जेथें शंभर गोचीड होते तेथें किती होतील याचा हिशेब वाचकांनींच करावा. (दावणीच्या गाईच्या कानांत दिसणारा प्रत्येक गोचीड माकडतापाचाच, असें मात्र समजूं नये. ते बहुधा निराळ्या जातींचे असतात.)

माकडाची गोष्ट याच्या उलट आहे. आपल्याकडचे काळ्या तोंडाचे वानर आणि तांबड्या तोंडाचीं माकडें, ज्यांना कोंकणांत केल्डी म्हणतात, हीं दोन्ही ह्या तापास माणसाहूनही लवकर बळी पडतात. माकड मरून देह थंड पडूं लागला कीं त्याच्या अंगावरील गोचीड त्यास सोडून खालीं उतरतात. त्या सर्वांच्या पोटांत आतां विषाणु असतो. ज्या झाडाखालीं वानर मेला, ती हातभर जागा पुढें कित्येक दिवस जिवंत निखाऱ्यासारखी असते. आमच्या खेड्यांत मेलेल्या वानरास मारुतीरायाचा अवतार मानून, हळदकुंकू वाहून, खांद्यावरून मिरवीत नेऊन मूठमाती देण्याची चाल आहे. ह्या भावनेस आम्ही कमीपणा देत नाहीं. मात्र हात जोडावयाचे ते चार पावलें दुरूनच जोडावे. कुत्र्यांनाही तिकडे फिरकूं देऊं नये, आणि आधीं आरोग्यकेंद्रास वर्दी द्यावी, म्हणजे तेथील माणसें येऊन देह तपासणीस नेतील व भोंवतालीं औषधाची भुकटी फवारतील. 'माकडताप' ह्या नांवानें चिडून वानरांवर बंदूक रोखणारेही लोक आहेत. त्यांना एवढेंच सांगावयाचें कीं, वानर हा आपल्या आधीं मरून आपल्याला सावध करणारा शेजारी आहे. त्याला मारून धोका टळत नाहीं. आगाऊ मिळणारी सूचना तेवढी नाहींशी होते.

पण रान तर पूर्वींपासून होतेंच! मग १९५७ सालींच काय घडलें? ह्या प्रश्नाचा छडा लावण्याचा यत्न जॉर्ज बोशेल नांवाच्या संशोधकानें केला. हे गृहस्थ मूळचे कोलंबिया देशाचे. तिकडच्या अरण्यांतील पीतज्वराचा अभ्यास करून पुण्याच्या केंद्रांत आले होते. १९६९ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा मथितार्थ असा कीं, घनदाट सदाहरित रानांत हा रोग बहुधा गुपचुप नांदत होता. माणसानें तें रान जागोजाग तोडून शेतें व गांवें वसविलीं, गुरें वाढविलीं, आणि तोडलेल्या जागीं घाणेरीचीं झुडपें माजलीं. त्या झुडपांत उंदरांना आसरा मिळाला, गुरांच्या अंगावर गोचीड पोसले, आणि रानाच्या त्या फाटक्या कडेवर वानर, गाय व माणूस हे तिघे प्रथमच रोज एकमेकांना भेटूं लागले.

रान 'कमी' झाल्यानें रानांतला रोग कमी व्हावा, असें साध्या बुद्धीस वाटतें. आम्हांसही तसेंच वाटलें होतें. पण घरांतील गृहिणींना हें कोडें चटकन् उलगडेल. ताटांत नारळाची वडी थापली आहे असें समजा. ताट चौकोनी, चार वितींचें. अखंड वडीची कड सोळा विती. आतां तिच्या वीतभर लांबीरुंदीच्या सोळा वड्या कापा. वडी तेवढीच राहिली, कणभरही कोणी खाल्ली नाहीं. पण कडा मोजल्या तर चौसष्ट विती भरतात! रानाचेंही तसेंच आहे. रस्ता काढला, मध्यें एक बाग उठविली, पलीकडे कालवा नेला. कागदावर रानाचें क्षेत्र थोडेंच घटतें, पण त्याची कड चौपट होते. आणि माकडताप हा रानाच्या पोटांतला नव्हे, रानाच्या कडेचा रोग आहे. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांतही हेंच दिसून आलें कीं, सदाहरित रान आणि लागवडीच्या बागा जेथें एकमेकींत मिसळल्या आहेत व देशी गुरांची संख्या जेथें मोठी आहे, तेथें ह्या तापाचा धोका अधिक.

याचा सर्वांत कठोर पुरावा दक्षिण कन्नड जिल्ह्यांतील बेळतंगडी तालुक्यानें दिला. तेथें जुनें रान तोडून काजूची लागवड करण्यांत आली, आणि १९८३ च्या हंगामांत सुमारे दीड हजार माणसें आजारी पडून दीडशेंच्या आसपास दगावलीं. काजूच्या वाटींत एवढें मोल दडलेलें असेल अशी कल्पना ती फोडतांना कोणास येते?

पन्नास-पंचावन्न वर्षें हा रोग कर्नाटकांतल्या चार-पांच जिल्ह्यांतच होता. मग तो पसरूं लागला. २०१२ सालीं बंदीपूरच्या रानांत, पुढें केरळांत वायनाडकडे, २०१५ त गोव्याच्या सत्तरी महालांत, आणि २०१६ त आमच्या दोडामार्गांत. तेथें त्या एका हंगामांत शंभरांहून अधिक लोकांना तो झाला. दुसऱ्या वर्षीं बांद्याच्या बाजूस गेला. दोडामार्गांत गेल्या कांहीं दशकांत काय काय झालें हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. तिलारीचें धरण झालें. त्याखालीं गेलेल्या गांवांतील लोक दुसरीकडे वसले. डोंगरांच्या उतरणीवर रबर व अननस आले, काजू तर होताच. २०१३ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यांत वृक्षतोडीस बंदी केली, यावरून तोडीचें मान काय असेल तें समजावें. ह्यांतील अमुक एका गोष्टीनें ताप आला असें बोट दाखविणें योग्य होणार नाहीं. धरणाचें पाणी आम्ही पितों, रबराचीं पायताणें घालतों, काजू तर सणासुदीस हवेतच. तेव्हां दोष दुसऱ्याच्या पदरीं टाकून मोकळें होण्याची सोय आम्हांस नाहीं.

त्यांत आतां हवेचेंही भरंवशाचें राहिलें नाहीं. अरबी समुद्राचें पाणी तापत चाललें आहे. मे २०२१ मधील 'तौक्ते' वादळानें कोंकण किनाऱ्यावरून जातांना किती माड, आंबे व काजू आडवे केले, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. गोचिडाचें सारें वेळापत्रक पाऊस, दंव आणि ऊन यांवर बांधलेलें. पाऊस कार्तिकापर्यंत रेंगाळला किंवा ऐन उन्हाळ्यांत सरी कोसळल्या, तर अळी केव्हां निघेल, पिल्लू-गोचीड किती दिवस तग धरील, हें सारें बदलणारच. हवेनें रोग निर्माण केला नाहीं. पण मार्गशीर्षांत सावध व्हावें हा जो आडाखा लोकांनीं सत्तर वर्षांच्या अनुभवानें बांधला, तोच उद्यां चुकूं लागला तर माणसानें कोणत्या महिन्यांत जपावें?

रोगाचीं लक्षणें घरांतील प्रत्येकास ठाऊक असावीं. गोचीड चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांनीं एकाएकीं थंडी वाजून ताप चढतो. कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, कंबर व पोटऱ्या यांत असह्य कळा, लाल डोळे, ओकाऱ्या, जुलाब. कांहींच्या नाकांतून व हिरड्यांतून रक्त येतें. बहुतेक रोगी दोनएक आठवड्यांत बरे होतात. परंतु थोड्यांस मध्यें बरें वाटून पुन्हा ताप उलटतो, आणि त्या खेपेस मान ताठणें, हातापायांस कंप, भ्रम असे मेंदूचे विकार दिसतात. शंभरांत तीन ते पांच दगावतात. तो एका माणसापासून दुसऱ्यास होत नाहीं. म्हणून रोग्याची शुश्रूषा करणाऱ्यांनीं भिऊं नये. विषाणूवर नेमकें औषध नाहीं, पण वेळीं रुग्णालयांत नेल्यास शरीरांतील पाणी व रक्त सांभाळून जीव वांचवितां येतो. घरांतल्या गोळ्या देत चार दिवस काढणें, हाच काय तो घात. रानाच्या बाजूनें आल्याचें डॉक्टरांस आपण होऊन सांगावें. शहरांतील डॉक्टरांच्या मनांत हा ताप सहसा येणार नाहीं.

लशीची कथा थोडी दुःखद आहे. कर्नाटकांत १९९० पासून एक लस टोंचीत असत. महिन्याच्या अंतरानें दोन टोंचण्या, सहा ते नऊ महिन्यांनीं तिसरी, मग वर्षाकांठीं एक. टोंचणी दुखरी होती, आणि मोलमजुरीचा दिवस बुडवून तीन-तीन वेळां कोण येणार? शिवाय तीन वेळां टोंचलेल्यांनाही पुरतें अभय मिळत नसे. अखेर तिची शक्ति पुरेशी नाहीं असें ठरून २०२२ मध्यें ती बंद झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें नव्या लशीचें काम हातीं घेतलें आहे. ती सर्वांच्या हातीं येईपर्यंत आपली भिस्त आहे ती अंगावरचें कापड, गोचिडास दूर ठेवणारें तेल आणि ऊन पाणी यांवर.

ह्या बाबतींत मामींचा बंदोबस्त पाहून आम्ही चकित झालों. काजू वेंचावयास जाणाऱ्या गड्यांना त्या आरोग्यकेंद्रांतून मिळालेलें तेल लावल्याशिवाय बाहेर सोडीत नाहींत. लांब बाह्यांचे सदरे, पायांत मोजे, विजारीच्या टोंकांस दोरी. परत आल्यावर कोणासही ओटीवर टेकूं न देतां सरळ न्हाणीघरांत पाठवितात; चुलीवर ऊन पाण्याचें तपेलें तयार असतें, आणि अंगावरचे कपडे तेथल्या तेथें उकळत्या पाण्यांत पडतात. मुलांना उजेडांत उभें करून कानामागें, काखेंत, गुडघ्यामागें पाहतात. उवा पाहण्याइतकीच ही गोष्ट आतां नित्याची झाली आहे. पातेरा आणावयाचा तो पावसाळ्यापूर्वींच्या अगदीं शेवटच्या आठवड्यांत, आणि तोही शेताच्या बांधावरच ठेवावयाचा. पाचोळ्याचे ढीग घराशीं असणाऱ्यांत ह्या तापाचा धोका अधिक, हें संशोधकांनीं कर्नाटकांत पडताळून पाहिलें आहे. मामींनीं तें कोठें वाचलें नव्हतें. आरोग्यसेविकेनें एकदां सांगितलें आणि त्यांनीं मनावर घेतलें, एवढेंच.

मात्र दावणीस बांधलेल्या गुरांना वैरण विकत घ्यावी लागते, आणि ती परवडत नाहीं. चारांपैकीं दोन गाई त्यांना द्याव्या लागल्या. हें सांगतांना त्यांचा आवाज थोडा बदलला. पूर्वीं भाजावळीस फुकट मिळणारा पाला गेला, गाईंचें शेणही कमी झालें, म्हणून भातशेतीचा एक कोपरा पडीक राहिला आहे. आम्हां शहरवासीयांस 'गुरें रानांत सोडूं नका' हा उपदेश करणें फार सोपें आहे. त्याची किंमत त्या घरानें दोन गाई देऊन भरली.

आम्ही निघालों त्या दिवशीं पहांटे मामी काठी टेकीत परसांत उभ्या होत्या. मागच्या फणसावर वानरांचा कळप उतरला होता. त्या बोटें मोजीत होत्या. विचारलें तेव्हां म्हणाल्या, "रोज मोजतें. एखादा कमी दिसला तर वाडीवर निरोप धाडायला हवा ना!" आम्हींही त्यांच्याबरोबर मोजूं लागलों. पंधरा भरले. मामी म्हणाल्या, "सोळा आहेत. नीट बघ, त्या वरच्या फांदीवरच्या आईच्या पोटाशीं."